चित्रकारांची प्रकाशीय व यांत्रिक साधने

दृश्य वस्तूची प्रतिमा मिळविणे, तिचे मोजमाप करणे आणि ती कागद, भिंत, काच, दगड किंवा कापड यांसारख्या दुसऱ्या पृष्ठावर उतरविणे, या तीन कामांसाठी चित्रकारांनी वेळोवेळी वापरलेल्या उपकरणांचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. चौकटींची जाळी, आरसे, भिंगे, लोलक, अंधारी पेटी, छायाचित्रण, शिलामुद्रण, चलच्चित्रण व संगणक ही त्यांतील प्रमुख साधने होत. खरा चित्रकार केवळ डोळा व हात यांवरच विसंबतो, ही समजूत बरीचशी अलीकडची आहे. पूर्वीच्या कारागिराला उपकरणाची लाज वाटत नसे. ते तो उघडपणे वापरी व आपल्या शिष्यास वापरावयास शिकवी. उपकरणाने एखादे काम हलके केले, तरी त्या कामातील निर्णय नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या टप्प्यावर किंवा दुसऱ्या माणसाकडे सरकतो. महाराष्ट्रापुरते बोलावयाचे तर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती, कोल्हापुरात तयार झालेला चलच्चित्र-कॅमेरा आणि सोलापूरच्या मागांवरील चित्रविणकाम ही तीन उदाहरणे या दृष्टीने उद्बोधक आहेत.

जाळी व अंधारी पेटी : सर्वांत साधे साधन चौकटींच्या जाळीचे. इटालियन वास्तुविशारद व लेखक आल्बेर्ती याने १४३५ मध्ये लिहिलेल्या चित्रकलेवरील ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. विरळ विणीचे पातळ कापड घेऊन त्यात ठरावीक अंतरांवर जाड धागे घालावयाचे व ते डोळा आणि वस्तू यांच्या मध्ये ताणून धरावयाचे. मग वस्तूचा जो भाग ज्या चौकटीत दिसेल, तो कागदावरील त्याच चौकटीत रेखाटावयाचा. जर्मन चित्रकार ड्यूरर याने १५२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमितीविषयक पुस्तकात अशा साधनांची चित्रेच दिली आहेत. या साधनांची अट एकच : पाहणाऱ्याने एक डोळा मिटून दुसरा एकाच जागी स्थिर ठेवला पाहिजे. माणूस एरवी तसा पाहत नाही. त्यामुळे जाळीतून मिळणारे यथादर्शन अचूक असले, तरी ते डोळ्याच्या स्वाभाविक व्यवहाराचे चित्र नसते.

भारतीय लघुचित्रकारांची गरज निराळी होती. समोरचे दृश्य मोजण्यापेक्षा सिद्ध झालेली आकृती पुन्हा उतरविणे त्यांना महत्त्वाचे वाटे. त्यासाठी ते खाका वापरीत. रेषांवरून सुईने बारीक छिद्रे पाडलेल्या कागदावर किंवा कातड्यावर कोळशाची पूड फिरविली, की खालच्या पृष्ठावर ठिपक्यांची आकृती उमटते. महाराष्ट्रातील घरोघरी परिचित असलेले रांगोळीचे छिद्रांचे कागद याच तत्त्वावरचे होत. ठिपक्यांच्या रांगोळीत तर छिद्र आणि जाळी या दोन्ही कल्पना एकत्र आलेल्या दिसतात.

अंधारी पेटी हे खऱ्या अर्थाने प्रकाशीय साधन. भर दुपारी बंद खोलीच्या दाराला बारीकसे भोक असेल, तर रस्त्यावरून जाणारी माणसे समोरच्या भिंतीवर उलटी व फिकट अशी चालताना दिसतात; सोलापूरसारख्या प्रखर उन्हाच्या गावात हा अनुभव कोणासही घेता येतो. प्रकाशकिरण सरळ रेषेत जात असल्याने वरच्या वस्तूपासून निघालेला किरण भोकातून खाली व खालच्या वस्तूपासून निघालेला वर पडतो. भोक लहान केल्यास प्रतिमा रेखीव पण अंधूक होते. मोठे केल्यास उजळ पण पुसट होते. अरब शास्त्रज्ञ इब्न अल्-हयथम (९६५–सु. १०४०) याने अशा प्रतिमांचा शास्त्रीय विचार केला होता. जांबात्तिस्ता देल्ला पोर्ता याने १५५८ मध्ये या साधनाची शिफारस चित्रकारांना केली, तर दानीएले बार्बारो याने १५६८ मध्ये भोकाच्या जागी भिंग बसविण्याची सूचना केली. भिंगामुळे भोक मोठे ठेवूनही प्रतिमा रेखीव मिळू लागली, आणि खोलीची हळूहळू पेटी झाली. तीत तिरकस आरसा बसविला म्हणजे प्रतिमा वरच्या काचेवर सुलटी पडते व पातळ कागद ठेवून ती गिरविता येते. इंग्रज चित्रकार जोशुआ रेनल्ड्झ याच्या मालकीची, मिटली असता ग्रंथासारखी दिसणारी अशी एक पेटी लंडनच्या विज्ञान संग्रहालयात आहे.

कोणत्या चित्रकाराने हे साधन किती वापरले, हा वादाचा विषय आहे. डच चित्रकार फेर्मेर (१६३२–७५) याच्या चित्रांतील प्रकाशाचे गोल ठिपके व काही वस्तूंची भिंगातून दिसावी तशी धूसरता यांवरून त्याने अंधारी पेटी वापरली असावी, असे अनेकांना वाटते. फिलिप स्टेडमन याने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चित्रांतील खोलीची मापे काढून या मताला भूमितीचा आधार दिला. उलटपक्षी फेर्मेरच्या मृत्यूनंतर झालेल्या मालमत्तेच्या यादीत असे उपकरण आढळत नाही. त्याच्या अनेक चित्रांत समांतर रेषा जेथे एकत्र येतात त्या बिंदूवर टाचणीचे भोक मात्र सापडले आहे. तेथे टाचणी खोवून व तिला दोरा बांधून यथादर्शनाच्या रेषा आखल्या गेल्या असाव्यात. त्याच २००१ साली इंग्रज चित्रकार डेव्हिड हॉक्नी याने, भौतिकीविज्ञ चार्ल्स फाल्को याच्या साहाय्याने, पंधराव्या शतकापासूनच यूरोपीय चित्रकार अंतर्गोल आरसे व भिंगे यांच्या साहाय्याने प्रतिमा प्रक्षेपित करीत असत, असे प्रतिपादन केले. डेव्हिड स्टॉर्क प्रभृतींनी त्यावर घेतलेले आक्षेप वजनदार आहेत, आणि लेखी पुराव्याचा अभाव ही या मताची मोठी उणीव आहे. या वादातून एक लाभ मात्र झाला. उपकरण वापरणे म्हणजे फसवणूक, हा समज त्यामुळे नव्याने तपासला गेला. भिंगाने टाकलेली प्रतिमा गिरविणे सोपे असते, असे ते कधीही न केलेल्यालाच वाटते.

याची उत्तम साक्ष छायाचित्रणाच्या जन्मकथेतच मिळते. विल्यम वुलस्टन याने १८०६ मध्ये कॅमेरा ल्युसिडा या साधनाचे एकस्व घेतले. त्यात लोलकाच्या कडेवर डोळा ठेवला असता बुबुळाच्या अर्ध्या भागातून समोरचे दृश्य व उरलेल्या अर्ध्यातून खालचा कागद दिसतो, आणि दृश्य जणू कागदावरच पसरल्याचा भास होतो. विल्यम हेन्‍री फॉक्स टॅल्बट याने १८३३ मध्ये इटलीतील कोमो सरोवराकाठी हे साधन वापरून पाहिले; पण डोळा हटविताच कागदावर उरलेल्या रेषा त्याला केविलवाण्या वाटल्या. आपल्या हाताच्या या उणिवेवर विचार करतानाच प्रतिमा कागदावर आपोआप टिकविण्याची कल्पना त्याला सुचली. १८३९ मध्ये फ्रान्समधील दागेरची व इंग्लंडमधील टॅल्बटची अशा दोन पद्धती जाहीर झाल्या.

पश्चिम भारतातील आरंभ : टॉमस व विल्यम डॅन्येल हे इंग्रज चित्रकार १७८६ मध्ये भारतात आले. भारतभर प्रवास करताना ते अंधारी पेटी बरोबर बाळगीत. १७९३ मध्ये ते मुंबईत आले असता त्यांची स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच्याशी भेट झाली. वेल्स त्या काळात पुण्याच्या दरबारात वावरत होता. सवाई माधवराव व नाना फडणीस यांची त्याने केलेली व्यक्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीचे रेखाटन शिकविण्याची व्यवस्था झाली होती. तीतून पुढे आलेले गंगाराम तांबट यांनी पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंडा व वेरूळची लेणी यांची प्रत्यक्ष पाहून केलेली रेखाटने उपलब्ध आहेत. मोजून, एका स्थिर जागेवरून पाहण्याची ही सवय मराठी चित्रकाराच्या हाती प्रथम येथे दिसते. वेल्सच्या १७९५ मधील मृत्यूनंतर त्याची वेरूळची रेखाटने डॅन्येल यांनी १८०३ मध्ये प्रसिद्ध केली.

छायाचित्रण मात्र मुंबईत फार लवकर पोहोचले. १८५४ मध्ये तेथे छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली व तिच्या सभासदांत डॉ. नारायण दाजी यांसारखे भारतीयही होते. हरिश्चंद्र चिंतामण हे त्या काळचे दुसरे नामांकित छायाचित्रकार. १८५७ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली. म्हणजे मुंबईत कॅमेरा व पाश्चात्त्य चित्रशिक्षण ही जवळजवळ एकदमच आली. यूरोपात चित्रकलेला चार शतकांची सवय झाल्यावर कॅमेऱ्याशी गाठ पडली; येथे तेवढी उसंत मिळाली नाही.

अजिंठा : हात आणि कॅमेरा यांची खरी कसोटी अजिंठ्याच्या लेण्यांत लागली. मद्रास लष्करातील अधिकारी रॉबर्ट गिल याची १८४४ मध्ये तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. सुमारे दोन दशके खपून त्याने तैलरंगांत मोठमोठ्या प्रतिकृती तयार केल्या. त्या लंडनजवळील सिडनम येथील क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या असता १८६६ मधील आगीत बहुतेक जळून गेल्या. दरम्यान गिल कॅमेऱ्याकडे वळला होता. त्याने लेण्यांची त्रिमितिदर्शी छायाचित्रेही घेतली, व १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन याच्या मजकुरासह त्याची ७४ छायाचित्रे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. १८७२ पासून मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स याने आपले विद्यार्थी घेऊन हेच काम नव्याने आरंभिले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी एक. मध्यंतरीचा खंड वगळता हे काम १८८५ पर्यंत चालले. त्या प्रतिकृती लंडनला साउथ केन्झिंग्टन येथे पाठविण्यात आल्या आणि १८८५ मधील आगीत त्यांतीलही पुष्कळ नष्ट झाल्या. उरलेल्यांच्या आधारे ग्रिफिथ्सचा दोन खंडांचा ग्रंथ १८९६–९७ मध्ये प्रसिद्ध झाला.

कॅमेरा उपलब्ध असताना तेरा वर्षे हाताने प्रतिकृती करण्याचा खटाटोप का करावा लागला, असा प्रश्न साहजिकच उद्‌भवतो. लेण्यांतील अंधार हे त्याचे एक कारण. दुसरे अधिक मूलभूत आहे. त्या काळच्या ओल्या काचपट्ट्या निळ्या व जांभळ्या प्रकाशालाच संवेदनक्षम असत. तांबडा व पिवळा प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नसे. अजिंठ्याच्या चित्रांत तर गेरू आणि पिवळी माती यांचेच राज्य. अशा भिंतीचे छायाचित्र घेतले, तर तांबूस देह काळवंडून पार्श्वभूमीत बुडून जातात व निळ्या रंगाच्या जागा पांढुरक्या होतात. रेषा कोठे संपते व डाग कोठे सुरू होतो, हे ठरविणेही पट्टीला शक्य नव्हते. ते काम विद्यार्थ्याच्या डोळ्यालाच करावे लागे, आणि त्यात त्याच्या शिक्षणाचा संस्कार मिसळणे अटळ होते. ग्रिफिथ्सच्या प्रतिकृतींत देहाची गोलाई मूळ चित्रापेक्षा थोडी अधिक पाश्चात्त्य वाटते ती यामुळेच.

या उद्योगाची किंमत मूळ चित्रांनाही मोजावी लागली. रंग उजळून नीट दिसावेत म्हणून भिंतींवर व्हार्निशचा हात देण्यात आला. कालांतराने तो पिवळा पडला व त्यावर धूळ बसली. पुढे हैदराबाद संस्थानने १९२० च्या सुमारास बोलाविलेल्या इटालियन तज्ञांनी सुटणारा गिलावा जागेवर बसविला, पण त्यांनी वापरलेल्या लाखेच्या लेपानेही रंग झाकोळले. हे थर काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याला नंतर दीर्घकाळ करावे लागले. सर्व रंगांना संवेदनक्षम असलेल्या पट्ट्या विसाव्या शतकाच्या आरंभी बाजारात आल्यावर कॅमेरा या कामास लायक झाला, आणि गुलाम याझदानी यांचे रंगीत छायाचित्रांसह अजिंठ्यावरील ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. आज अभ्यासक गिलच्या व ग्रिफिथ्सच्या उरलेल्या प्रतिकृती पुन्हा काढून पाहतात. कारण त्यांत दिसणारे काही भाग भिंतीवर आता राहिलेले नाहीत.

मुद्रण, जादूचा कंदील व चलच्चित्र : एकाच चित्राच्या अनेक प्रती काढण्याचे साधन म्हणून रंगीत शिलामुद्रणाला महाराष्ट्रात फार मोठे स्थान मिळाले. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे, आणि मूळ तैलचित्रातील छटांचे ठिपक्यांत रूपांतर करण्याचे काम दगडावर रेखाटणारा कारागीर करी. घराघरांतील देव्हाऱ्यांवर जी लक्ष्मी व सरस्वती लागली ती रविवर्म्यांची खरी, पण तिच्या गालावरची छटा या अनामिक कारागिरांची.

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन व त्यांचे कुटुंबीय यांनी १८९० नंतरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली पुराणकथांची चित्रे ते पडद्यावर पाडीत, आणि एकामागून एक काचा सरकवून हालचालीचा भास निर्माण करीत. हातभर लांबीचे चित्र रंगविणाऱ्याला बोटभर काचेवर रंगवावे लागले, की त्याची सारी मोजमापे बदलतात. प्रतिमा चाळीसपट मोठी होणार असेल, तर एका मिलिमीटरची चूक पडद्यावर चार सेंटिमीटरांची होते.

दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) यांच्या कारकीर्दीत ही सगळी साधने एकत्र आली. कलाशाळेतील शिक्षण, बडोद्याचे कलाभवन, छायाचित्रण, रविवर्म्यांच्या छापखान्यातील काम आणि स्वतःचा मुद्रण व्यवसाय या मार्गाने ते चित्रपटाकडे आले. १९१२ मध्ये रोपाच्या वाढीचे टप्पे ठरावीक अंतराने टिपून त्यांनी अंकुराच्या वाढीचा लहानसा चित्रपट केला व १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र प्रदर्शित केला.

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांची गोष्ट अधिक विलक्षण आहे. त्यांचे मूळ आडनाव मेस्त्री. बाबूराव आणि त्यांचे चुलतबंधू आनंदराव नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. सपाट कापडावर राजवाड्याची खोली उभी करणे हा या व्यवसायाचा गाभा. म्हणजे यथादर्शन त्यांच्या हाडीमाशी खिळलेले होते. फाळक्यांचा चित्रपट पाहिल्यावर त्यांनी चलच्चित्र-कॅमेरा विकत घेण्याऐवजी स्वतःच बनविण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. शिष्य विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने बाबूरावांनी १९१८ मध्ये कॅमेरा पुरा केला, आणि १९२० मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनीचा सैरंध्री पडद्यावर आला. कॅमेरा हाती येताच बाबूरावांनी रंगविलेले पडदे टाकून घडीव, त्रिमितीय नेपथ्य स्वीकारले, हे लक्षणीय आहे. पडद्यावरील खोटी खोली नाटकात खपत असे, कारण प्रेक्षक एका जागी बसलेला असतो. कॅमेरा हलला की ती उघडी पडते. प्रसंगांची रेखाटने ते आधी करून ठेवीत. १९२३ च्या सिंहगड मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. चित्रपटांची भित्तिपत्रकेही ते स्वतः रंगवीत.

ही भित्तिपत्रके वाढत वाढत रस्त्यावरच्या प्रचंड फलकांपर्यंत गेली. फलक रंगविणारा चित्रकार चित्रपटाच्या लहानशा छायाचित्रावर चौकटी आखी, तितक्याच चौकटी फलकाच्या कापडावर पाडी, आणि एकेक चौकट भरीत जाई. आल्बेर्तीची जाळी अशा रीतीने छायाचित्रावर येऊन बसली. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे १९१५ मध्ये जन्मलेले मकबूल फिदा हुसेन (मृत्यू लंडन, २०११) यांनी १९३० नंतरच्या दशकात मुंबईत हेच काम केले. परातीएवढा डोळा जवळून रंगवावयाचा आणि तो रस्त्यापलीकडून डोळा दिसला पाहिजे, ही या कामाची शिस्त. त्यांच्या पुढील चित्रांतील ठळक बाह्यरेषा व सपाट रंगक्षेत्रे यांचा संबंध समीक्षकांनी या उमेदवारीशी जोडला आहे. १९६७ मध्ये त्यांनी थ्रू द आइज ऑफ ए पेंटर हा लघुपट केला व त्यास बर्लिनच्या महोत्सवात लघुपटांसाठीचे सुवर्ण अस्वल मिळाले. मुंबईत १९६९ मध्ये अकबर पदमसी यांनी चित्रकार व छायाचित्रकार यांच्यासाठी सुरू केलेल्या प्रयोगशाळेत नलिनी मलानी यांनी कॅमेऱ्याविना, प्रकाशसंवेदी कागदावर थेट काम केले. हाताने रंगविलेले फलक मात्र संगणकीय छपाई स्वस्त झाल्यावर १९९० नंतर झपाट्याने नाहीसे झाले.

सोलापूर व चित्रविणकाम : चौकट भरण्याची ही पद्धत ज्या व्यवसायात पूर्णत्वाला गेली, तो सोलापूरचा विणकामाचा. १८६० मध्ये लोहमार्ग आला, १८७७ मध्ये पहिली कापडगिरणी निघाली, आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली समाजासह अनेक विणकर जमातींनी शहराच्या पूर्व भागात माग टाकले. विसाव्या शतकात जॅकार्ड यंत्रणेवर विणलेली सोलापुरी चादर देशभर पोहोचली. तिला व सोलापुरी टॉवेलला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेली आहे. चादरीखेरीज देवदेवता, संत, शिवाजी महाराज व राष्ट्रपुरुष यांच्या प्रतिमा असलेले भिंतीवर लावण्याचे पटही सोलापुरात विणले जातात. त्यांच्या दोन पद्धती आहेत.

पहिली हातमागाची. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्यांच्या, पाठीमागे मूळ चित्र ठेवतात. धाग्यांमधून ते पाहत विणकर जेथे जो रंग हवा तेथे त्या रंगाचा बाणा तेवढ्याच धाग्यांत घालून परततो. आल्बेर्तीचा चित्रकार ज्या जाळीतून पाहत असे, ती जाळीच येथे चित्र होते. हे काम अतिशय संथ असते, परंतु त्यात विणकराला प्रत्येक क्षणी मत बदलण्याची मुभा राहते.

दुसरी पद्धत जॅकार्डची. फ्रान्समधील ल्याँ येथील जोझेफ मारी जॅकार्ड याने, बूशाँ, फाल्काँ व व्होकांसाँ यांच्या आधीच्या प्रयत्नांवर उभारणी करून, १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा सिद्ध केली. तीत प्रत्येक आडव्या धाग्यासाठी छिद्रे पाडलेले पुठ्ठ्याचे एक कार्ड असते. कार्ड सुयांच्या रांगेवर दाबले जाते. जेथे छिद्र असते तेथे सुई आत शिरते व तिचा आकडा जागेवर राहून वर उचलला जातो, आणि त्याला बांधलेला ताण्याचा धागाही उचलतो. जेथे छिद्र नसते तेथे सुई मागे ढकलली जाते व धागा खालीच राहतो. मधल्या फटीतून धोटा जातो. कार्डे दोऱ्याने ओवून माळ केलेली असते व ती मागावर फिरत राहते. या यंत्रणेच्या सामर्थ्याचा नमुना म्हणून १८३९ मध्ये ल्याँ येथे खुद्द जॅकार्डचे व्यक्तिचित्र रेशमात विणण्यात आले. त्यास सुमारे २४,००० कार्डे लागली. गणनयंत्राचा आद्य संकल्पक चार्ल्स बॅबेज याने त्याची एक प्रत आपल्या घरी लावली होती.

छायाचित्रावरून विणीचा पट तयार करावयाचा, तर मधला माणूस म्हणजे नमुनाकार. तो छायाचित्र मोठे करून आखीव कागदावर उतरवितो. कागदावरील उभा स्तंभ म्हणजे ताण्याचा एक धागा आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याचा एक फेरा. समजा, कापडात इंचाला ४० उभे व ३० आडवे धागे आहेत आणि चित्र १२ इंच रुंद व १६ इंच उंच हवे आहे. मग ४८० स्तंभ व ४८० ओळी, म्हणजे २,३०,४०० घरे होतात. यांतील प्रत्येक घर भरलेले की रिकामे, हे ठरवावे लागते. कागदाची घरे समचौरस घेतली, तर कापडावर चेहरा एकतृतीयांशाने उभट होतो. म्हणून घरांची रुंदी व उंची ३ : ४ या प्रमाणात आखावी लागते. बाण्याचा आणखी एक रंग घातला, की कार्डांची संख्या दुपटीला जाते.

ताण्याचा प्रत्येक धागा स्वतंत्रपणे उचलावयाचा, तर ४८० आकडे लागतात. यंत्रावर २४० च असतील, तर एकाच आकड्याला डाव्या व उजव्या बाजूंचे दोन धागे बांधतात आणि नमुना आरशात पाहावा तसा दुहेरी उमटतो. चादरींवरील मोर, वेली व फुले समोरासमोर का असतात, याचे उत्तर बरेचसे या काटकसरीत आहे. माणसाच्या चेहऱ्याला मात्र ही काटकसर चालत नाही. आरशाने दुप्पट केलेला चेहरा ओळखू येत नाही, कारण ओळख पटते ती दोन बाजूंच्या बारीक फरकांवरून.

छायाचित्रात असंख्य छटा असतात. मागावर दोन किंवा चार रंगांचे धागे असतात. मधल्या छटा बांधणीच्या बिंदूंनी साधाव्या लागतात. काळ्यावर पांढरा धागा दर आठव्या घरी दिसू दिला तर एक छटा, दर चौथ्या घरी दिला तर दुसरी. रविवर्म्यांच्या छापखान्यातील ठिपक्यांचे हेच काम. पण विणकराला एक जास्तीचे बंधन असते : धागा फार लांब अंतर मोकळा सोडला, तर तो लोंबतो, अडकतो व तुटतो. त्यामुळे बुबुळाच्या गडद काळ्यातही कोठेतरी धागा बांधावाच लागतो, आणि तो बांधलेला बिंदू डोळ्यातील चकाकीसारखा दिसू नये अशी जागा शोधावी लागते. तीन इंच रुंदीच्या चेहऱ्यात एक डोळा जेमतेम २४ धाग्यांचा असतो. चकाकीचे घर एकाने इकडेतिकडे झाले, की नजर बदलते. छायाचित्राशी तंतोतंत जुळणारा नमुना कापडावर निर्जीव दिसतो आणि नमुनाकाराने जाणूनबुजून बदललेला ओळखीचा वाटतो, असा अनुभव या व्यवसायात नेहमीचा आहे. चादरीच्या दुहेरी विणीत हेच चित्र पाठीमागे उलट रंगांत उमटते, छायाचित्राच्या प्रतिकाचेसारखे.

१९८३ मध्ये पहिली विद्युत्-नियंत्रित जॅकार्ड यंत्रणा मिलान येथील प्रदर्शनात मांडण्यात आली. तीत कार्डांची गरज राहत नाही; संगणकातील नमुन्यावरून विद्युत्-चुंबक प्रत्येक आकडा उचलतात. आखीव कागदाची जागा आता पडद्याने घेतली आहे, व पडद्यावरील घर आणि कापडावरील घर एकच झाले आहे. छायाचित्र संगणकात घातले, की क्षणार्धात त्याचे चार रंगांत विभाजन होते. परंतु संगणक गालावरची सावली व गालावरचा डाग यांत भेद करीत नाही, लांब सुटलेले धागे तो सरधोपटपणे बांधतो आणि ओठांची कडा करवतीसारखी होते. नमुनाकार ही घरे एकेक करून साफ करतो. आखणीचे काही आठवड्यांचे काम त्यामुळे वाचले. डोळे व ओठ यांच्यावर जाणारा वेळ फारसा कमी झालेला नाही. हे काम पुरेसा वेळ देऊन करणाऱ्याचा आणि न करणाऱ्याचा पट दहा हातांवरूनही वेगळा ओळखता येतो.

कार्डांच्या माळा जड असतात, जागा अडवितात आणि उंदीर व दमट हवा यांना बळी पडतात. यंत्रणा बदलली, की त्या रद्दीत जातात. ज्या जुन्या नमुन्यांची आखीव पत्रे किंवा विणलेली कापडे जपून ठेवलेली नाहीत, त्यांची नोंद या माळांखेरीज अन्यत्र कोठेही नसते. छिद्रांवरून घरे व घरांवरून चित्र असा उलटा प्रवास करून असा नमुना पुन्हा मिळविता येतो. त्यासाठी माळेतील कार्डांचा क्रम शाबूत असावा लागतो, आणि मूळ मागावर आकड्यांना धागे कसे बांधले होते, सरळ की आरशासारखे दुहेरी, हे सांगणारा विणकर हयात असावा लागतो.